भिवाआजाने पोथी खाल्ली तेव्हा

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी फार चांगले वागत. का चांगले वागत, ते मला विचारू नका. तिथल्या कुठल्याही पिल्लाला विचारा. त्याला उत्तर पाठ असे. "आमच्याकडे पोथी आहे म्हणून."

ती पोथी आदिगजाने सांगितलेली होती. आदिगज म्हणजे सगळ्यांत पहिला हत्ती. तो फार पूर्वी होऊन गेला, आणि त्याला पाहिलेलं कोणीच उरलं नसल्यामुळे त्याच्याविषयी सगळ्यांचं एकमत होतं. पोथी ताडाच्या पानांवर लिहिलेली होती. पानांना हळद लावलेली, वरून लाल वेल बांधलेली. आत एकशे एक नियम होते. चोरी करू नये. पाणवठ्यावर रांग मोडू नये. पोरक्या पिल्लाला हाकलू नये. दुसऱ्याच्या झाडाला पाठ घासू नये. सगळे कसे शहाणपणाचे, कुणालाही पटावेत असे.

पोथी वाचण्याचा मान नरहरबुवांचा. नरहरबुवा म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे त्यांच्याजवळ जाऊन कोणी वाद घालत नसे, आणि त्यामुळे त्यांचा एकही मुद्दा आजवर खोडला गेला नव्हता.

"ही पोथी नसती," बुवा रोज सकाळी सांगत, "तर आपण जनावरांसारखे वागलो असतो."

हसू नका. तिथे कोणी हसत नसे.

पोथीतलं सगळ्यांत मोठं प्रकरण होतं खारप्रकरण. चोरीवर एक ओवी, पोरक्या पिल्लांवर अर्धी, आणि खारींवर अडतीस. त्याचं असं होतं. जंगलाच्या कडेने एक ओढा वाहत होता. पल्याड आमराई होती, तिथे खारींची वस्ती. वादळवाऱ्यात एखादी खार फांदीवरून उडून अल्याड येऊन पडे. अशी पडलेली खार ज्याला सापडेल त्याची, असं पोथी सांगे. मग त्या खारीने जन्मभर त्याच्यासाठी झाडावर चढायचं, जांभळं, आवळे, मोहाची फुलं खाली टाकायची, आणि रिकाम्या वेळात मालकाच्या कानातल्या गोचिडी काढायच्या.

तिने उडी मारून घरी जाऊ नये म्हणून दर पौर्णिमेला तिची शेपटी भादरत. लांब उडी मारताना खारीला तोल सांभाळायला शेपटीचा झुपका लागतो. झुपका नसला की ती झाडावर चढू शकते, जांभळं पाडू शकते, पण ओढ्यावरून उडी घेतली की उलटीपालटी होऊन खाली पडते. खाली मगर होती.

पण पोथी निर्दय नव्हती बरं का. तिने शिंपल्याने भादरायला सांगितलं होतं, दातांनी नाही.

*खार ठेवावी प्रेमें करून । शेपूट भादरावें सांभाळून ।*
*रक्ताचा थेंब न काढून । पुण्य जोडावें ॥*

ही ओवी बुवा डोळे मिटून दोनदा वाचत. "दुसऱ्या जंगलांत शेपटी मुळापासून तोडतात," ते म्हणत. "आपण नुसती भादरतो. केवढी ही करुणा. पोथी नसती तर आपल्याला हे सुचलं असतं का?"

या जंगलात सगुणाबाई नावाची एक रानडुकरीण राहत होती. पाच पिल्लांची आई, अंगाने थोराड, मनाने साधी. तिच्याकडे तानी नावाची खार होती. चार वर्षांपूर्वीच्या वादळात ती सगुणाबाईच्या दारातच येऊन आदळली होती. सगुणाबाई तिला फार जपायची. पहिलं जांभूळ तिला द्यायची. भादरायच्या आधी शिंपला दोनदा धुवायची. "तानी मला अगदी घरच्यासारखी आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तानी काही सांगायची नाही. तिला कोणी विचारलेलंच नव्हतं.

ओढ्याच्या पल्याड एक जुना आंबा होता आणि अल्याड एक उंबर. दोघांच्या फांद्या पाण्यावर झुकल्या होत्या, मध्ये चार हातांचं अंतर. त्या आंब्याच्या शेंड्याच्या फांदीवर रोज सकाळी एक म्हातारी खार येऊन बसे. हाक मारत नसे, रडत नसे. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसे आणि निघून जाई. सगुणाबाईला चार वर्षं वाटत होतं की म्हातारीला तिथलं ऊन मानवतं.

एका पौर्णिमेला तानीची शेपटी भादरता भादरता तिने सहज विचारलं, "तिकडं रोज येऊन बसते ती कोण गं?"

"आई," तानी म्हणाली.

सगुणाबाईचा हात थांबला. तिने पल्याड पाहिलं. मग उरलेली शेपटी तिने भादरून टाकली, कारण भादरणी अर्धवट सोडली तर दोष लागतो असं सतराव्या ओवीत होतं. पण त्या दिवसापासून तिच्या छातीत काहीतरी टोचू लागलं. पिल्लं दूध प्यायला आली की जास्त टोचे.

ती बुवांकडे गेली.

"बुवा, मला इथं टोचतंय. तानीची शेपटी भादरली तेव्हापासून. मला वाटतं, हे काही बरं नाही."

"वाटतं?" बुवा म्हणाले. "सगुणाबाई, बरं काय आणि वाईट काय हे आपल्याला कशावरून कळतं?"

"पोथीवरून."

"खार भादरणं वाईट, असं पोथीत लिहिलंय?"

"नाही. कशी भादरावी ते लिहिलंय."

"मग वाईट आहे हे तुला कळलं कशावरून? पोथीवरून तर नाही. आणि पोथीशिवाय कुणाला काही कळत नाही. म्हणजे तुला काहीच कळलेलं नाही. तुझं पोट बिघडलंय."

सगुणाबाईला हे पटलं. एवढं सरळ उत्तर तिला आजवर कोणी दिलं नव्हतं. बुवांनी सकाळ-संध्याकाळ हिरडा चघळायला सांगितला, तो तिने तीन दिवस चघळला. पोट लख्ख साफ झालं. टोचणं होतं तिथेच राहिलं.

ती परत गेली. "बुवा, रागावू नका, एक विचारते. खार ठेवूच नका, असं आदिगजाने एका ओवीत का नाही सांगून टाकलं? अडतीस ओव्या कशाला खर्ची घातल्या?"

"काळ वेगळा होता, बाई. एकदम सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. सुधारणा हळूहळू करायची असते."

"पण वाघाला पाणवठ्यावर रांगेत उभं राहा म्हणून एकदमच सांगितलं. आणि वाघ राहिला की उभा. वाघ ऐकतो आणि बापूसाहेबांचे पणजोबा ऐकले नसते, असं कसं?"

बापूसाहेब म्हणजे अस्वल. त्यांच्याकडे चाळीस खारी होत्या, पणजोबांपासून चालत आलेल्या. स्वतः झाडावर चढायचं म्हटलं की बापूसाहेबांना धाप लागे. बुवांच्या गुहेसमोर दर आठवड्याला मधाचं एक पोळं येऊन पडे, तेही त्यांच्याकडूनच.

बुवांचे काटे ताठ झाले. "हिरडा वाढव," ते म्हणाले.

फाल्गुनात पोथीला ऊन दाखवायची रीत होती. पानांना कसर लागू नये म्हणून लाल वेल सोडून सगळी पानं मोठ्या खडकावर पसरायची. राखणीला चार रानकुत्रे. पण उघड्या पोथीकडे बुवांखेरीज कोणी पाहायचं नाही, पाहिलं तर दोष लागतो. म्हणून राखणदार पोथीकडे पाठ करून उभे राहत. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं आणि आजवर काही बिघडलं नव्हतं.

त्या दुपारी बुवा जेवून जरा लवंडले होते. भिवाआजा नावाचा एक म्हातारा गवा तिकडे आला. त्याला दिसायचं कमी आणि ऐकू त्याहून कमी यायचं. पानगळीचे दिवस, खायला धड काही नाही. तो हुंगत हुंगत खडकाशी पोचला.

मागे काहीतरी कराकरा चावल्याचा आवाज राखणदारांना आला. चौघांनाही आला. पण वळून पाहिलं तर दोष. चौघांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि जास्तच ताठ उभे राहिले. असे निष्ठावंत राखणदार, मुलांनो, आता मिळत नाहीत.

बुवा उठून आले तेव्हा खडकावर लाल वेल तेवढी शिल्लक होती.

"आजा, हे काय केलंत?"

"पाचोळा व्हता," भिवाआजा रवंथ करत म्हणाला. "लई जुना निघाला. पर हळद ब्येस व्हती."

मग सगळं जंगल गोळा झाल्यावर त्यांनी खडकावर चढून जाहीर केलं, "पोथी गेली. आता आपल्याला नीती उरलेली नाही. या क्षणापासून कोणीही कुणालाही काहीही करू शकतो. सगळ्यांनी घरी जाऊन दारं लावून घ्या. पोराबाळांना सांभाळा. विशेषतः एकमेकांपासून."

जो तो जीव घेऊन पळाला. सगुणाबाईने दाराला करवंदीची काटेरी जाळी लावली. शेजारी म्हादबा नावाचा तरस राहत होता. दहा वर्षांचा शेजार, पण आता त्याला नीती नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्यालाही नाही. तिने आपल्या पाच पिल्लांकडे पाहिलं. आता आपल्याला यांना खावंसं वाटणार. ती पिल्लांकडे पाठ करून बसली आणि वाट पाहू लागली.

दुपार टळली तरी वाटेना. धाकट्याच्या पायात काटा मोडला होता, तो काढावासा मात्र वाटला. हे लक्षण चांगलं की वाईट, हे सांगायला पोथी नव्हती. तिने काटा काढून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी खसफस झाली.

"कोण आहे?"

"म्या म्हादबा, वैनी. भिऊ नगा. म्हंजी भ्यायचं का न्हाई ते मलाबी म्हाईत न्हाई." तरसाचा आवाज पडलेला होता. "काल तुमचं धाकटं ह्या फटीतनं भायेर आलं व्हतं. एकलंच. म्या लई येळ त्येच्याकडं बघत बसलो. म्हनलं, आता खावंसं वाटंल, मग वाटंल. न्हाईच वाटलं. शेवटाला त्येला परत फटीतनं आत ढकललं. वैनी, माझ्यात काय बिघाड झालाय का वो?"

"हिरडा चघळून बघ," सगुणाबाई म्हणाली. "मला तरी काही गुण आला नाही."

तिने जाळी बाजूला केली. हळूहळू सगळीच दारं उघडली. प्राणी खाली माना घालून बाहेर आले. तीन दिवस नीतीशिवाय राहून कुणाच्याही हातून एकही पाप झालं नव्हतं, याची त्यांना थोडी लाजच वाटत होती. पाणवठ्यावर आपोआप रांग लागली. वाघ पाचवा होता.

"आता रांग मोडली तर चालेल ना?" त्याने पुढच्या सांबराला विचारलं.

"चालायला हरकत नाही."

वाघाने पुढे पाहिलं. एक ससा पाणी पीत होता, बेतानेच, थांबून थांबून. "होऊ दे त्याचं," वाघ म्हणाला आणि उभा राहिला.

अकराव्या दिवशी पौर्णिमा आली. घरोघरी मालकांनी शिंपले काढले. आणि काय झालं कोण जाणे, कुणाचा हात धजेना. आजवर पोथी भादरत आली होती, मालक नुसता शिंपला धरत होता. आता जो शिंपला धरणार तोच भादरणार होता. बापूसाहेबांनी चाळीस खारी ओळीने बसवल्या आणि पहिलीची शेपटी हातात घेतली. ती खार त्यांच्याकडे बघू लागली. बापूसाहेबांना एकदम आठवलं की आपलं दुसरीकडे महत्त्वाचं काम आहे.

तर पोथी गेल्यावर जंगलात चोरी झाली नाही, रांग मोडली नाही, कुणी कुणाचं पिल्लू खाल्लं नाही. एकच गोष्ट बंद पडली. कोणती ते मी सांगत बसत नाही. तुम्ही काही बुवा नाही.

पण आठवडाभरात खारींच्या शेपट्यांवर लव दिसू लागली आणि बापूसाहेबांचा धीर सुटला. पोथी नसल्यामुळे समाज रसातळाला चालला आहे, असं त्यांनी बुवांना कळवलं. सोबत मधाची दोन पोळी पाठवली. लगेच सभा बोलावली गेली. ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं, आणि त्यातून पोथी पुन्हा लिहायची.

"पहिली ओवी चोरीची," बुवा म्हणाले. "कोण सांगतो?"

कुणालाच येईना. एक वानर म्हणालं, "घेऊ नये, की उचलू नये, असं काहीतरी होतं."

"एवढ्या जणांत एकालाही पाठ नाही?"

"पाठ कशाला करायची, बुवा? चोरी करतंय कोण?"

पोरक्या पिल्लांची अर्धी ओवीही कुणाला आठवेना. लांडोर बराच वेळ डोळे मिटून आठवत होती. तिच्या पंखांखाली तीन पिल्लं होती, त्यातलं एकही तिचं नव्हतं. पण ओवी काही तिला येईना.

"बरं, खारप्रकरण?"

बापूसाहेब उठले. त्यांनी अडतीसच्या अडतीस ओव्या एका दमात म्हटल्या. शिंपला कोणत्या बोटांत धरावा, खार वळवळली तर काय करावं, पावसाळ्यात भादरणी कशी करावी, काना-मात्रा न चुकता सगळं. नुसत्या ऐकून ज्यांना त्या पाठ झाल्या होत्या अशा आणखी वीस मालकांनी मागून सूर धरला.

बुवांचे डोळे पाणावले. "पाहा," ते म्हणाले, "जे सनातन असतं ते टिकतंच."

नवी पोथी तिथल्या तिथे लिहिली गेली. अडतीस ओव्या आणि मागे ढीगभर कोरी पानं. उरलेलं आठवेल तसं लिहू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी राहिलेली भादरणी करायची, हेही ठरलं.

तेव्हा सगुणाबाई उठली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

"बुवा, अठरा दिवस पोथी नव्हती. तरी कुणी कुणाचं वाईट केलं नाही."

"ते जुन्या पोथीचं पुण्य," बुवा म्हणाले. त्यांनी हे उत्तर तयार ठेवलं होतं. "अत्तराची कुपी रिकामी झाली तरी वास लगेच जात नाही. अठरा दिवस तुम्ही नुसत्या वासावर चांगले वागलात."

"मग खारींचा वास तेवढा कसा उडाला? चोरीची एकच ओवी, तिचा वास अठरा दिवस पुरला. खारींच्या अडतीस. आणि त्यांचा पौर्णिमेलाच संपला?"

बापूसाहेब आपल्या नखांकडे पाहू लागले.

"सगुणाबाई," बुवा हळू आवाजात म्हणाले, "तू पोथीपेक्षा शहाणी झालीस का?"

"नाही बुवा. मी अडाणीच. चार वर्षं मी तिला भादरत होते आणि तिची आई समोर बसलेली मला दिसत होती. इतकी अडाणी. पण आता मी भादरणार नाही."

घरी येऊन तिने तानीला समोर बसवलं. तिला भरून आलं होतं. "तानी," ती म्हणाली, "जा. मी तुला सोडलं."

तानीने आपल्या बोडक्या शेपटीकडे पाहिलं. "सोडलं म्हणजे काय, बाई? झुपका यायला दोन महिने लागतील. तेवढे दिवस कुणाला शिंपला घेऊन आत येऊ देऊ नका. बाकीचं माझं मी बघीन."

सगुणाबाईला जरा वाईट वाटलं. मग तिला कळलं की आपण सोडलं, हे वाक्यच चुकीचं होतं. ती दारात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जंगलभर भादरणी झाली. कुणाचाही हात अडला नाही. पोथी परत आलेली होती. संध्याकाळी बुवांनी सगुणाबाईला वाळीत टाकल्याचं जाहीर केलं. पाणवठ्याची रांग तिला बंद. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या पिल्लांशी कोणी खेळायचं नाही. ज्यांनी अठरा दिवस आपली रांग मोडू दिली नाही, त्यांनी तिला रांगेतून काढताना जराही धक्काबुक्की केली नाही. सगळं शिस्तीत झालं.

चैत्र गेला. वैशाख तापू लागला. पाणवठा सोडला तर बाकीचा ओढा मगरीचा होता, म्हणून सगुणाबाई कोरड्या ओहोळात नाकाने चिखल उकरायची. हातभर खाली गेलं की गढूळ पाणी झिरपायचं, तेच पिल्लांना मिळायचं. बापूसाहेबांनी दोनदा रानकुत्रे पाठवले. ती दारात आडवी उभी राहिली आणि ते परत गेले, कारण ती जागची हलत नव्हती आणि तिला ओलांडून जाता येत नव्हतं. एकदा बुवा स्वतः आले. "वरवर भादर," ते समजुतीने म्हणाले. "नुसता शिंपला फिरव. पोथीचा मान राहील, तुझी पिल्लं पाणी पितील. मलाही काही बरं वाटत नाही गं."

"मग तुमच्या छातीत पण टोचतंय की काय?"

बुवा उन्हातून परत गेले.

फक्त म्हादबा यायचा. दारापासून जरा लांब बसायचा. "वाळीत टाकल्याल्याशी बोलू नगं अशी ओवी व्हती का न्हाई, मला आठवंना," तो म्हणायचा. "नव्या पोथीत तर ती न्हाई. म्हणून बोलतुया." मग दुपारभर तो दारात पहारा करायचा आणि सगुणाबाई पाणी शोधायला जायची.

एके दिवशी ओहोळ पार आटला. धाकटं पिल्लू सकाळपासून रडत होतं, दुपारी त्याचं रडणंही बंद झालं. सगुणाबाईने कोपऱ्यातला शिंपला बाहेर काढला. एकदा फिरवायचा, की रांग खुली. तानी वरच्या फांदीवरून बघत होती. ती पळाली नाही. सगुणाबाईने तिच्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि शिंपला घेऊन ओहोळात उतरली. जिथे नाक पोचत नव्हतं तिथे दगडांच्या फटीत तिने शिंपल्याने खरवडायला सुरुवात केली. तिन्हीसांजेला शिंपलाभर पाणी निघालं. धाकट्याने ते प्यायलं आणि आणखी मागितलं.

वैशाख सरता सरता एका सकाळी तानी उंबरावर चढली. झुपका पहिल्यासारखा भरला नव्हता, पण तिने तो दोनदा डावीउजवीकडे हलवून पाहिला. पल्याड म्हातारी नेहमीच्या जागी बसली होती. ती उठून उभी राहिली. खाली मगर होती. सगुणाबाईला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण तिने मिटले नाहीत.

तानीने उडी मारली. आंब्याच्या फांदीचं टोक तिच्या पुढच्या पंजांत आलं, फांदी वाकून पाण्याला टेकली, मग तिला घेऊन वर आली. दोघी खारी क्षणभर शेजारी बसल्या. मग पानांत दिसेनाशा झाल्या. तानीने मागे वळून पाहिलं नाही.

सगुणाबाई बराच वेळ उंबराखाली उभी राहिली. आपण कशाची वाट पाहतोय हे तिला उशिरा कळलं. तानीने आभार मानले नव्हते. चार वर्षं शेपटी भादरल्याचे आभार मानायचे असतात का, हे तिने स्वतःलाच विचारलं. तिला मनापासून लाज वाटली. ती घरी गेली आणि शेवटपर्यंत वाळीतच राहिली.

बुवांना मात्र सांगायला एक चांगलं उदाहरण मिळालं. "अठरा दिवस पोथी नव्हती, तेवढ्यात एक घर बिघडलंच," ते दर सकाळी सांगत.

पुढे शंभर पावसाळे झाले. कधी कुणाचा हात थरथरे, कधी कुणाला शिंपला सापडेनासा होई. अशा प्रत्येकाला रीतसर वाळीत टाकण्यात आलं. होता होता रांगेतले कमी आणि वाळीतले जास्त झाले. तेव्हा नरहरबुवांच्या पणतूला, जो आता बुवा होता, एक ओवी आठवली. खार ही आपली बहीण, तिला मोकळी करावी, अशी. ती खुद्द आदिगजाची होती, मधल्या काळात नजरचुकीने राहून गेली होती. कोऱ्या पानांपैकी एक घेऊन ती लिहिण्यात आली आणि पोथीच्या अगदी सुरुवातीला लावण्यात आली.

आता तिथे बुवा रोज सकाळी सांगतात, "ही पोथी नसती तर खारींना कोणी मोकळं केलं असतं का?"

परवा एका पिल्लाने विचारलं म्हणे, "बुवा, ती सगुणाबाई कोण होती?"

"होती एक," बुवा म्हणाले. "पोथी न मानणारी. तिच्या घरात नीती नव्हती."

तात्पर्य : मुलांनो, चांगलं वागण्याची कधी घाई करू नये. जे करावंसं वाटतं ते पोथीत नसेल तर थांबावं. शंभर वर्षांत ते पोथीत येतं, आणि एकदा आलं की ते पहिल्यापासून तिथेच असतं. तोवर खारींनी जरा दम धरावा.